चिकित्सेचा तिसरा पाद

भारतीय वैद्यकाने रोगनिवारण हे कधीच एकट्या वैद्याचे कार्य मानले नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि स्वतः रुग्ण. प्रत्येक पादाचे चार गुण दिले आहेत. त्यांपैकी तिसऱ्या पादाचे, म्हणजे परिचारकाचे गुण असे : सेवाकर्माचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी स्नेह आणि शुचिता. या चौघांत वैद्याचे स्थान प्रधान मानले असले, तरी चारांपैकी एक पाद उणा असला तर चिकित्सा लंगडी पडते, ही जाणीव त्या मांडणीत स्पष्ट आहे. विशेष म्हणजे परिचारकाच्या गुणांत स्नेहाच्या आधी ज्ञानाला स्थान आहे. सेवेला केवळ अंतःकरण पुरत नाही, तिला विद्याही लागते, हे त्या ग्रंथकारांनी ओळखले होते.

आजच्या रुग्णालयात हा तिसरा पाद अनेक शाखांनी विस्तारला आहे. परिचारिका तर आहेतच; शिवाय क्ष-किरण तंत्रज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ म्हणजे फिजिओथेरपिस्ट, व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ, शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञ, कृत्रिम अवयव बनविणारे कारागीर अशी ही मोठी मालिका आहे. परिचर्येचा व्यवसाय स्वतंत्र मानला जातो; उरलेल्या बहुतेक शाखांना आता ‘संलग्न आरोग्यकर्मी’ असे संबोधले जाते. या शाखा आपल्या देशात कशा रुजल्या, याचा इतिहास बोधप्रद आहे. त्यातील कित्येक महत्त्वाची पाने मुंबई, वर्धा आणि जयपूर येथे लिहिली गेली.

एका चिमट्याची कथा

१८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान मांडले. त्या वेळी डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे ही प्रयोगशाळा परळ येथे गेली आणि तेथून लाखो मात्रा देशभर रवाना होऊ लागल्या. १९२५ पासून ही संस्था हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हे सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. चौकशीत मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठपका आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढील तपासात मात्र वेगळीच बाजू उजेडात आली. त्या गावी बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातील चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो योग्य रीतीने निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिन यांचा पक्ष जाहीरपणे मांडला आणि १९०७ मध्ये त्यांच्यावरील कलंक दूर झाला. मधल्या पाच वर्षांत एका थोर संशोधकाच्या आयुष्याची आणि लसीकरणावरील लोकविश्वासाची जी हानी झाली, ती मात्र भरून निघाली नाही.

या घटनेत त्या अनामिक मदतनिसाला दोष देणे सोपे आहे. पण त्याला जंतुशास्त्राचे शिक्षण कोणी दिले होते? धुळीत पडलेल्या चिमट्याला पुसून घेणे आणि त्याला निर्जंतुक करणे यांत मृत्यू आणि जीवन यांचे अंतर आहे, हे त्याला कोणी समजावले होते? प्रज्ञावंत शास्त्रज्ञ, उत्तम लस आणि अशिक्षित हात, या योगातून ती आपत्ती ओढवली. चरकाने सांगितलेले ज्ञान आणि शुचिता हे दोन गुण शिकवावे लागतात, ते आपोआप येत नाहीत, हा धडा आधुनिक भारताने अशी किंमत मोजून घेतला.

पोलिओ आणि मुंबई

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत पोलिओचा प्रादुर्भाव पालकांची झोप उडवीत होता. काल अंगणात धावणारे मूल तापाने अंथरुणाला खिळे आणि ताप उतरल्यावर त्याचा पाय लुळा पडलेला असे. या आजारावर औषध नव्हते, आजही नाही. लस यायला अजून काही वर्षे होती. डॉक्टरांनी निदान केले की त्यांचे काम बहुतांशी संपे. मुलाचे आयुष्य मात्र तेथून पुढे सुरू व्हायचे असे.

श्रीमती फातमा इस्माइल यांच्या स्वतःच्या कन्येला पोलिओ झाला होता. मुलीसाठी योग्य उपचारांचा शोध घेताना त्यांना जाणवले की, धनिकांना जे इतक्या कष्टाने मिळते, ते गरिबांच्या मुलांना कधीच मिळणार नाही. १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ डॉ. बाळिगा यांच्या साहाय्याने पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. त्यातूनच पुढे अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था आणि हाजीअली येथील मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले. १९५८ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले.

परंतु केंद्रे उघडली तरी त्यांत काम करणारे प्रशिक्षित हात कोठून आणायचे? पोलिओच्या रुग्णाची सेवा हे सूक्ष्म शास्त्र आहे. दुखऱ्या स्नायूंना ओला शेक द्यायचा, सांधे आखडू नयेत म्हणून ते दिवसातून ठरावीक वेळा हळुवार हलवायचे, प्रत्येक स्नायूची शक्ती शून्य ते पाच या श्रेणीत तपासून नोंदवायची, कोणता स्नायू परत येतो आहे आणि कोणता येणार नाही हे महिनोन्‌महिने पाहायचे, आणि मग त्यानुसार व्यायाम, कॅलिपर किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार व्हायचा. शेजारच्या निरोगी स्नायूने ओढून पाय वाकडा होऊ न देणे, हे तर रोजच्या जागरूकतेचे काम. यात उतावीळपणा झाला तरी हानी आणि आळस झाला तरी हानी.

१९५२ च्या साथीनंतर ही उणीव तीव्रतेने जाणवली. जागतिक आरोग्य संघटना, मुंबई सरकार आणि मुंबई महापालिका यांच्या सहकार्याने १९५३ मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे विद्यालय सुरू झाले. भारतातील या शाखेच्या पद्धतशीर शिक्षणाचा हा आरंभ होय. १९५५ मध्ये भौतिकोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी मुंबईत शारीरिक पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्थाही सुरू झाली. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये भारतातील अखेरचा नैसर्गिक पोलिओरुग्ण नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. पोलिओ गेला, पण त्याच्याशी झुंजण्यासाठी जन्मलेली ही विद्या आज पक्षाघात, अपघात, संधिवात, हृदयशस्त्रक्रिया अशा असंख्य प्रसंगी रुग्णाला उभे करीत आहे.

कमलाबाई निंबकरांचे कार्य

भौतिकोपचाराच्याही तीन वर्षे आधी, १९५० मध्ये, त्याच के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू झाले होते. हे आशिया खंडातील पहिले विद्यालय मानले जाते. त्याच्या संस्थापिका श्रीमती कमलाबाई निंबकर यांचे जीवन विलक्षण होते. त्यांचा जन्म १९०० साली अमेरिकेत, क्वेकर पंथाच्या कुटुंबात झाला. माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. विष्णुपंत निंबकर यांच्याशी विवाह करून त्या १९३० मध्ये मुंबईत आल्या आणि या भूमीशी एकरूप झाल्या. १९४० च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे त्यांनी व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले आणि परत येऊन ही विद्या येथे रुजविण्याचा ध्यास घेतला.

‘व्यवसायोपचार’ या शब्दाने अनेकांचा गैरसमज होतो. येथे व्यवसाय म्हणजे केवळ पोटापाण्याचा धंदा नव्हे. मनुष्य सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत ज्या ज्या कृतींत गुंतलेला असतो, त्या सर्व कृती येथे अभिप्रेत आहेत. सदऱ्याची बटणे लावणे, घास तोंडापर्यंत नेणे, पोळी लाटणे, चाकाच्या खुर्चीतून पलंगावर जाणे, पुन्हा कामावर रुजू होणे. भौतिकोपचाराने हात हलू लागतो. त्या हाताने जगायचे कसे, हे व्यवसायोपचार शिकवितो. पहिल्या महायुद्धातील जायबंदी सैनिकांच्या सेवेतून पाश्चात्त्य देशांत ही शाखा वाढीस लागली होती. कमलाबाईंनी ती येथील घराघरातील जीवनाशी जोडली. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या, हाताने जेवणाऱ्या, चुलीपुढे काम करणाऱ्या माणसासाठी परदेशी पाठ जसेच्या तसे उपयोगी पडणारे नव्हते.

१९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने या शाखेची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी निर्माण झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताचा समावेश होता. देश प्रजासत्ताक होऊन अवघी दोन वर्षे झालेली असताना हे घडले, याचे श्रेय मुख्यतः कमलाबाईंना जाते. पुढे नागपूरलाही या विषयाचे शिक्षण सुरू झाले. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले. फलटण येथील ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा आज त्यांचे नाव चालवीत आहे. मात्र त्या शाळेचे नाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांतील अनेकांना त्यांचे रुग्णसेवेतील हे मूलभूत कार्य ज्ञात नसते.

वर्ध्याची पायवाट

रुग्णालयाच्या भिंतींबाहेर चाललेल्या कार्याचा इतिहास वर्ध्याला घडला. गांधीजींच्या पश्चात १९५१ च्या सुमारास वर्धा येथे गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले. डॉ. रा. वि. वारदेकर यांनी तेथे कुष्ठरोगनियंत्रणाची एक साधी पण मूलगामी पद्धती घातली : सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार. रुग्ण लपून बसतो, तो दवाखान्यात येणार नाही. म्हणून दवाखान्यानेच त्याच्या दारी जावे, हे या पद्धतीचे सूत्र. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमानेही हीच पद्धती स्वीकारली.

घरोघरी जाणारे हे पाय डॉक्टरांचे नव्हते. ते प्रशिक्षित निमवैद्यकीय कार्यकर्त्यांचे होते. गावात सायकलने किंवा पायी जायचे, प्रत्येक घरातील माणसांच्या अंगावरील फिकट चट्टे पाहायचे, त्या जागी स्पर्शसंवेदना आहे की नाही हे तपासायचे, हातापायांच्या नसा चाचपायच्या, गोळ्या नियमित घेतल्या जातात का ते पाहायचे आणि बधिर झालेल्या पायाची निगा कशी राखावी ते शिकवायचे, हे त्यांचे नित्यकर्म. ज्या रुग्णाला स्वतःच्या घरात वेगळे ताट मिळत असे, त्याचा हात हातात घेऊन हे कार्यकर्ते तपासणी करीत. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला, तेव्हा तो घरोघरी पोहोचविणारी माणसे म्हणून हीच मंडळी उपयोगी पडली. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजार लोकसंख्येमागे एक रुग्ण यापेक्षा खाली आले. रोग समूळ गेलेला नाही आणि नवे रुग्ण अद्याप आढळतात. तथापि या यशात त्या पायवाटेचा मोठा वाटा आहे.

जयपूरचे कारागीर

जैन समाजाला ज्या कार्याविषयी विशेष आत्मीयता वाटते, ते ‘जयपूर फूट’चे कार्य. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात पंडित रामचंद्र शर्मा नावाचे एक कारागीर रुग्णांना हस्तकला शिकवीत असत. सर्वजण त्यांना मास्टरजी म्हणत. शालेय शिक्षण बेताचे, पण हातात परंपरागत कला होती. पाय गमावलेल्या रुग्णांना तेव्हा परदेशी धर्तीचे जे कृत्रिम पाऊल मिळे, ते बुटात घालावे लागे. त्यावर उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, शेतातील चिखलात चालता येत नसे आणि अनवाणी देवळात जाता येत नसे. परिणामी अनेक रुग्ण ते पाऊल घरी कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्यांकडे वळत.

हे मास्टरजींनी डोळ्यांनी पाहिले होते. रबराचे टायर दुरुस्त होताना पाहून रबराचेच पाऊल घडविता येईल ही कल्पना त्यांना सुचली, असे सांगितले जाते. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तिला शरीरशास्त्राची जोड दिली. अनेक प्रयोगांनंतर १९६८ च्या सुमारास ते पाऊल सिद्ध झाले. रंगरूपाने खऱ्या पावलासारखे, सर्व दिशांना लवचीक, स्वस्त आणि अनवाणी वापरता येणारे.

शोध लागला तरी पहिली काही वर्षे तो फार थोड्या रुग्णांपर्यंत पोहोचला. श्री. देवेंद्रराज मेहता हे भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी. एका भीषण अपघातात त्यांचा पाय थोडक्यात बचावला होता आणि अपंगत्वाचे दुःख त्यांनी जवळून अनुभवले होते. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, मार्च १९७५ मध्ये, त्यांनी ‘भगवान महावीर विकलांग सहायता समिती’ स्थापन केली. रुग्ण केव्हाही आला तरी त्याला दाखल करून घ्यायचे, त्याची राहण्या-जेवणाची सोय करायची, शक्यतो थोडक्या वेळात अवयव बसवून द्यायचा आणि एक पैसाही घ्यायचा नाही, हा समितीचा परिपाठ. आजवर लाखो अपंगांना तिने कृत्रिम अवयव, कॅलिपर आणि इतर साधने दिली आहेत. परदेशांतही तिची शिबिरे झाली आहेत. जैन परंपरेने वैयावृत्त्याची, म्हणजे सेवेची, गणना अभ्यंतर तपात केली आहे आणि औषधदानाला चार दानांत स्थान दिले आहे. त्या तत्त्वाचे आधुनिक काळातील हे ठळक रूप म्हणता येईल.

या इतिहासात एक बोचरी बाजूही आहे. १९८१ मध्ये डॉ. सेठी यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला आणि तो सर्वथा योग्यच होता. परंतु ज्या हातांनी ते पाऊल प्रथम घडविले, त्या मास्टरजींचे नाव दीर्घकाळ फारसे कोणाला ठाऊक नव्हते. तिसऱ्या पादाच्या वाट्याला येणारी उपेक्षा ती हीच.

शिक्षण आणि मान्यता

मधल्या काळात इतर शाखांनीही आकार घेतला. १९६५ मध्ये म्हैसूर येथे वाचा व श्रवण यांच्या अभ्यासासाठी अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. मुंबईत नायर रुग्णालयात या विषयाचे शिक्षण सुरू झाले. १९८३ मध्ये वांद्रे येथे श्रवणदोषांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली. औषधनिर्मात्यांसाठी १९४८ चा कायदा होताच. १९९२ मध्ये पुनर्वसन परिषदेचा कायदा झाला आणि महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांच्या परिषदेसाठी २००२ चा अधिनियम आला.

तरीही प्रयोगशाळा, क्ष-किरण, डायलिसिस, शस्त्रक्रियागृह येथील असंख्य तंत्रज्ञांच्या शिक्षणाला देशभर समान असा मापदंड नव्हता. कोणी तीन वर्षांची पदवी घेतलेला, तर कोणी काही महिन्यांच्या वर्गातून आलेला. रुग्णाला दोघांतील भेद कळण्याचा मार्ग नव्हता. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा या मंडळींचे मोल सर्वांनाच उमगले. भारतातील पहिल्या रुग्णाचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत झाले. त्यानंतर देशभरच्या प्रयोगशाळांत तंत्रज्ञ रात्रंदिवस नमुने तपासत राहिले. मार्च २०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. त्यात दहा गटांत पन्नासहून अधिक व्यवसायांची नोंद आहे. संलग्न आरोग्यकर्मी म्हणून मान्यता मिळण्यास किमान २००० तासांचे, तर आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणून ३६०० तासांचे शिक्षण आवश्यक ठरविले आहे. मुलकोवालच्या चिमट्यापासून या कायद्यापर्यंतचे अंतर ११८ वर्षांचे आहे.

एका रुग्णाभोवतीची माणसे

या सर्व शाखांचे परस्परसंबंध पक्षाघाताच्या रुग्णाच्या उदाहरणाने स्पष्ट होतील. रुग्ण आल्याबरोबर मेंदूचे सीटी स्कॅन होते. रक्तवाहिनी तुंबली आहे की फुटली आहे, हे कळल्याखेरीज डॉक्टरांना औषध देता येत नाही, कारण एका प्रकारातील औषध दुसऱ्या प्रकारात प्राणघातक ठरू शकते. ते चित्र विनाविलंब आणि अचूक काढण्याचे दायित्व तंत्रज्ञाचे. रक्तातील साखर आणि रक्त गोठण्याची क्षमता प्रयोगशाळा सांगते. रुग्ण सावध झाल्यावर नातेवाईक प्रेमापोटी त्याच्या तोंडात पाणी घालू पाहतात. पण गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्यास तेच पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून पहिल्या घोटापूर्वी गिळण्याची तपासणी आवश्यक असते आणि दोष आढळल्यास पुढील मार्गदर्शन वाचोपचारतज्ज्ञ करतात. पुढे भौतिकोपचाराने रुग्ण उभा राहतो आणि व्यवसायोपचाराने एका हाताने कपडे घालायला शिकतो.

आहारतज्ज्ञाचे कार्य तर जैन कुटुंबांच्या विशेष परिचयाचे व्हावे असे आहे. रुग्णालयातील मऊ आहारात बटाट्याचा वापर सर्रास होतो. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्या रुग्णाला त्याऐवजी दुधी, मूगडाळ, भाताची पेज यांतून तेवढेच पोषण कसे मिळेल, सूर्यास्तापूर्वी अखेरचे भोजन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीच्या औषधांच्या वेळांविषयी डॉक्टरांशी काय बोलावे, हे जाणकार आहारतज्ज्ञ सांगू शकतो. मात्र व्रत आणि विकार या दोहोंची माहिती त्याला मोकळेपणाने द्यावी लागते. अनेक रुग्ण संकोचाने ती देत नाहीत आणि रात्री इन्सुलिन घेऊन उपाशी झोपतात; रक्तातील साखर अतिशय उतरण्याचा धोका त्यातून उद्भवतो.

दानाची दिशा

समाजातील विश्वस्त संस्थांनी औषधालये उघडली, रुग्णालयांना कक्ष बांधून दिले, यंत्रे भेट दिली. हे औदार्य वंदनीय आहे. परंतु इतिहास असे दर्शवितो की, यंत्राइतकेच ते चालविणारे हात मोलाचे असतात. देणगीतून आलेले यंत्र प्रशिक्षित माणसाअभावी आच्छादनाखाली पडून राहिले, तर दात्याचा हेतू सफल होत नाही. फातमा इस्माइल यांच्या केंद्राला आणि देवेंद्रराज मेहता यांच्या समितीला यश लाभले, ते तेथे काम जाणणारी माणसे होती म्हणून.

सुवर्णमहोत्सवाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या संस्थांनी या दृष्टीने विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती सहज मिळते. प्रयोगशाळा तंत्रज्ञ किंवा भौतिकोपचारतज्ज्ञ होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींचे अर्ज मात्र मागे राहतात. घरीदारीही या व्यवसायांकडे वैद्यकीय प्रवेश हुकल्यावरची सोय म्हणून पाहिले जाते. अशा एका विद्यार्थ्याच्या तीन-चार वर्षांच्या शिक्षणाचा भार उचलणे हेही औषधदानच होय. आणि औषधालयात नमुना घेणाऱ्या, पट्टी बांधणाऱ्या, वृद्धांना चालवून आणणाऱ्या माणसाचे नाव विचारून त्याला नावाने हाक मारणे, एवढे तर कोणालाही करता येईल. मास्टरजींच्या बाबतीत जे राहून गेले, ते निदान पुढच्या पिढीच्या बाबतीत राहू नये.